अपडेटनंतर ईव्ही अडली? आधी बारा व्होल्टची बॅटरी बघा : या चुका टाळा

ईव्ही घेतल्यावर सगळ्यांचं लक्ष मोठ्या बॅटरीवर असतं. टक्के किती, रेंज किती, फास्ट चार्जिंग किती वेळा केलं. पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सकाळी उघडतच नाही, अपडेट अर्ध्यावर थांबतो, स्क्रीनवर एकदम पाच-सहा इशारे दिसतात, तेव्हा दोष बहुतेक वेळा बॉनेटखालच्या बारा व्होल्टच्या लहान बॅटरीचा किंवा तिच्यावर लावून ठेवलेल्या एखाद्या ॲक्सेसरीचा निघतो. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे विजेचे स्विच) ओढले जातात ते या बारा व्होल्टवर. दारांची कुलुपं, कंट्रोल युनिटं, अपडेट उतरवून घेणारं मोडेम हे सगळंही त्याच बॅटरीवर चालतं. ती उतरली की गाडी ठप्प.

लहान बॅटरी न मोजता अपडेट सुरू करणं

साधा डिजिटल मल्टिमीटर जवळ ठेवा. बॉनेट आधी उघडून ठेवा, मग गाडी लॉक करा, किल्ली लांब न्या आणि दोन तासांनी टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा वर दाखवत असेल तर भरलेली आहे. १२.२ च्या आसपास असेल तर निम्मी रिकामी झाली आहे, अशा वेळी अपडेट टाकू नका. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा. पुन्हा खाली आली तर बॅटरी तरी संपली आहे, नाहीतर काहीतरी तिला गुपचूप पीत आहे. काही मॉडेलमध्ये ही लहान बॅटरी लिथियमची असते, तिला हे आकडे लागू होत नाहीत.

आता ब्रेक दाबून बटण दाबा, गाडी रेडी मोडमध्ये (चालायला तयार अवस्थेत) घ्या आणि पुन्हा मोजा. १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर ठीक आहे. रेडी असतानाही १२ च्याच घरात राहिलं तर तो कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज गेला असण्याची शक्यता मोठी. तेव्हा गाडी चालवत नेऊ नका, उचलून सर्व्हिस सेंटरला न्या.

इथेच एक मोठा गैरसमज आहे. स्क्रीन चालू आहे, गाणी लागली आहेत, म्हणजे गाडी चालू आहे असं अनेकांना वाटतं. बऱ्याच गाड्यांत ब्रेक न दाबता बटण दाबलं तर फक्त ॲक्सेसरी मोड लागतो. त्यात कॉन्टॅक्टर उघडेच राहतात, म्हणजे मोठी बॅटरी जोडलीच जात नाही, कन्व्हर्टर बंद असतो आणि सगळा भार लहान बॅटरीवर पडतो. वाट बघत तासभर गाणी ऐकायची, मग त्याच अवस्थेत अपडेट सुरू करायचा, हा बॅटरी उतरवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. गाडीत बसून राहायचं असेल तर ब्रेक दाबून हिरवं रेडी येऊ द्या. अपडेटच्या आधी अर्धा-पाऊण तास गाडी चालवलेली असली तर उत्तम.

बॅटरी पूर्ण उतरली तर रिमोट आणि ॲप दोन्ही निकामी होतात. रिमोटच्या आत लपलेली लोखंडी किल्ली कशी काढायची, दाराच्या हँडलवर तिचं भोक कुठल्या झाकणाखाली आहे, हे आजच बघून ठेवा. अंधाऱ्या तळघरात ते शोधण्याची वेळ येऊ देऊ नका. बाहेरून बारा व्होल्ट देऊन बहुतेक गाड्या जाग्या करता येतात. उलट काम मात्र करू नका. आपल्या ईव्हीवरून शेजाऱ्याची डिझेल गाडी जंप-स्टार्ट करायला जाऊ नका, कारण स्टार्टर मोटर क्षणात शेकडो अँपिअर ओढते आणि कन्व्हर्टर त्यासाठी बनवलेलाच नसतो.

डॅशकॅम थेट बॅटरीवर जोडणं

ॲक्सेसरीच्या दुकानात सर्वांत जास्त बिघडवलं जाणारं काम हेच. पार्किंग मोडमधला, म्हणजे गाडी उभी असतानाही चित्रण करत राहणारा कॅमेरा साधारण ४ वॉट घेतो, म्हणजे अंदाजे ०.३५ अँपिअर. चोवीस तासांत ८ अँपिअर-तासांहून जास्त गेले. लहान बॅटरी ४० अँपिअर-तासांची असेल तर अडीच दिवसांत ती निम्म्यावर येते. लग्नासाठी चार दिवस गावी गेलात आणि गाडी पार्किंगमध्येच राहिली, तर परतल्यावर काय होणार याचा हिशोब एवढा सोपा आहे. काही गाड्या उभ्या असतानाही मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी अधूनमधून भरतात, पण सगळ्या नाही.

योग्य पद्धत अशी: मूळ हार्नेसची (गाडीच्या वायरींच्या जुडग्याची) वायर सोलायची नाही, फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून वेगळी लाइन काढून देणारा जोड) लावायचा. कॅमेऱ्याच्या हार्डवायर किटवर लो-व्होल्टेज कटऑफची (बॅटरी किती व्होल्टवर उतरली की कॅमेरा बंद करायचा याची) सेटिंग असते, ती १२.४ वर ठेवायची. दुकानदार कॅमेरा जास्त वेळ चालावा म्हणून ११.८ वर ठेवून देतात आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर लेड-ॲसिड बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. एअरबॅगच्या फ्यूजला टॅप कधीही लावायचा नाही. ए-पिलरमधून (पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून) वायर नेताना ती पडदा-एअरबॅगच्या पुढून नाही, मागून जायला हवी, नाहीतर एअरबॅग उघडताना वायर आडवी येते. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात काचेला चिकटलेला कॅमेरा भाजून निघतो, म्हणून आत लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्या.

ओबीडी डोंगलचंही (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावायच्या छोट्या यंत्राचंही) तेच. बॅटरीचं तापमान आणि सेल व्होल्टेज मोबाइलवर बघायला तो छान, पण बघून झालं की काढून ठेवा. तो सतत प्रश्न विचारत राहिला तर काही गाड्या नीट झोपतच नाहीत. आणि अपडेट चालू असताना, कंट्रोल युनिटं एकमेकांशी बोलतात त्याच संवादवाहिनीवर डोंगलने बडबड केली तर एखाद्या कंट्रोल युनिटचा अपडेट फसू शकतो. सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप लावून अपडेट होणार असेल तरी डोंगल आणि यूएसबीला लावलेलं सगळं काढूनच गाडी द्या.

सकाळी निघायचं असताना रात्री उशिरा अपडेट टाकणं

अपडेट दोन प्रकारचे असतात हे आधी समजून घ्या. एक फक्त स्क्रीनचा: नकाशे, गाणी, मोबाइल जोडणी. तो फसला तरी गाडी सहसा चालते. दुसरा बॅटरी व्यवस्थापन, मोटर, ब्रेक, चार्जर यांच्या कंट्रोल युनिटांचा. तो चालू असताना गाडी हलत नाही आणि फसला तर सर्व्हिस सेंटरशिवाय गत नसते. इन्स्टॉल दाबण्याआधी अपडेटचं वर्णन पूर्ण वाचा. पुढचे बारा तास गाडीची गरज नसेल अशीच वेळ निवडा. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या दिवशी उघडं असेल हेही बघा. शनिवारी रात्री टाकलेला अपडेट फसला तर रविवार हातात काहीच नसतं.

सुरू करण्याआधी:

- मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या वर ठेवा.
- सध्याच्या आवृत्तीचा क्रमांक, चार्ज लिमिट आणि रीजेनच्या (वेग कमी होताना किंवा उतारावर तयार होणारी वीज बॅटरीत परत घेण्याच्या) सेटिंगचे फोटो काढा.
- चार्जिंग गन (गाडीत लावायचा चार्जरचा प्लग) लावायची की काढायची हे स्क्रीनवरच्या सूचनेप्रमाणेच ठरवा. वीज कमी पडू नये म्हणून अनेक जण गन लावून ठेवतात, पण काही गाड्या चार्जिंग चालू असताना अपडेट सुरूच करत नाहीत.
- सगळ्यांनी बाहेर यायचं आणि किल्लीही लांब न्यायची. इन्स्टॉल होताना एसी आणि काचा बंद पडू शकतात, त्यामुळे मूल किंवा कुत्रं गाडीत ठेवून अपडेट अजिबात सुरू करायचा नाही.

डाउनलोड अडकत असेल तर बहुतेक वेळा नेटवर्कच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या तळघरात गाडीचं ई-सिम मुकं होतं. गाडी उघड्यावर आणा किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट द्या. हॉटस्पॉट गाडीला दिसतच नसेल तर तो ५ गिगाहर्ट्झवर आहे का बघा. अनेक गाड्यांना फक्त २.४ दिसतो. आयफोनवर त्यासाठी हॉटस्पॉटच्या पानावर कमाल सुसंगततेचा पर्याय चालू करावा लागतो.

इन्स्टॉल होताना स्क्रीन काळी पडली तर घाबरून बॅटरीचं टर्मिनल काढू नका. अपडेट टाकताना गाडी बिघडते ती बहुधा या घाईनेच. कंट्रोल युनिटची जुनी आज्ञावली पुसली गेलेली आणि नवी अर्धीच लिहिलेली अशा क्षणी वीज गेली तर ते युनिट बदलावं लागू शकतं. स्क्रीनने चाळीस मिनिटं सांगितली असतील तर ऐंशी थांबा. मग गाडी लॉक करून अर्धा तास लांब जा आणि परत येऊन बघा. एवढं करूनही फरक नसेल तर रोडसाइड असिस्टन्सला फोन करा.

अपडेटनंतर बदललेल्या सेटिंगला बिघाड समजणं

रात्री गन लावली आणि सकाळी टक्के तेवढेच? भिंतीवरच्या चार्जरचा टायमर आणि गाडीतलं वेळापत्रक दोन्ही चालू आहेत का बघा. चार्जर रात्री अकरा ते पाच वीज देतो आणि गाडी पहाटे पाचनंतर घ्यायची असं ठरवून बसली असेल, तर दोघांची गाठच पडत नाही. टायमर एकाच ठिकाणी ठेवा. आमच्या मते तो गाडीत ठेवावा, म्हणजे बाहेरगावच्या चार्जरवरही तोच दिसतो आणि बंद करता येतो.

"अपडेटनंतर रेंज कमी झाली" ही तक्रार वारंवार ऐकू येते. स्क्रीनवरची रेंज मागच्या प्रवासांच्या सरासरीवर काढलेला अंदाज असतो आणि अपडेटमध्ये ती सरासरी पुसली जाऊ शकते. खरी तपासणी अशी करा: ट्रिप मीटर शून्यावर आणा, ८० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत गाडी चालवा. समजा १५० किलोमीटर झाले आणि सरासरी वापर किलोमीटरला १४० वॉट-तास दिसला. म्हणजे २१ युनिट गेली, ती निम्म्या बॅटरीतून, म्हणून वापरता येणारी क्षमता सुमारे ४२ युनिट. हीच चाचणी अपडेटच्या आधी करून ठेवलेली असेल तर तुलनेला अर्थ राहतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असलेल्या गाड्यांत, म्हणजे टाटाच्या बहुतेक ईव्ही, बीवायडीची ब्लेड बॅटरी, महिंद्राची बीई ६, यांत आणखी एक गोष्ट आहे. या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं, त्यामुळे टक्क्यांचा हिशोब हळूहळू चुकतो. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराने एसी चार्जरवर १०० टक्के भरून, चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत गन लावून ठेवली की तो जागेवर येतो.

रीजेन गेल्याची तक्रारही अशीच. लोणावळ्यात किंवा पाचगणीत १०० टक्के भरून लगेच खंडाळ्याचा किंवा पसरणीचा घाट उतरायला लागलात, तर उतारावर तयार होणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. पाय काढल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर थांबवा.

एक्स्टेन्शन बोर्डवरून चार्जिंग

१५ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरला आठ-दहा तास सलग पूर्ण भार लागतो. मिक्सर-इस्त्रीसाठी टाकलेली वायरिंग यासाठी नसते. स्वतंत्र लाइन घ्या: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला तर लाइन तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा ए-टाइप आरसीसीबी (वीज गळली तर लाइन तोडणारा स्विच). ७.२ किलोवॉटच्या चार्जरला ३२ अँपिअर लागतात, म्हणून ४० अँपिअरचा एमसीबी. मीटरच्या खोलीपासून पार्किंग ४० मीटर लांब असेल तर ६ चौरस मिमी वायरीत सुमारे ८ व्होल्ट आणि २५० वॉट उष्णतेत जातात, १० चौरस मिमीत हेच १५० वॉटवर येतं. रोजच्या चार्जिंगला जाड वायरीचा खर्च करायलाच हवा. रीळवाली वायर वापरावीच लागली तर पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर आतून वितळते. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट असेल तर चालेल, बोट टेकवत नसेल तर ताबडतोब बंद करा आणि सॉकेट बदला.

चार्जरवर अर्थ फॉल्टचा लाल दिवा आला तर न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडून देणारे वायरमन भेटतात. असं करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे, आणि भार चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच, असं मोजून दाखवायला सांगा. गावाकडे व्होल्टेज पडून चार्जर सारखा थांबत असेल तर गाडीच्या किंवा चार्जरच्या सेटिंगमधून करंट ८-१० अँपिअरवर आणा आणि रात्री उशिरा लावा.

व्ही-टू-एल अडॅप्टरवर (गाडीच्या मोठ्या बॅटरीतून बाहेरच्या उपकरणांना वीज देणाऱ्या जोडावर) पंखा, शेगडी, लॅपटॉप खुशाल चालवा. त्याचा प्लग घरातल्या सॉकेटमध्ये उलटा घालून घराला वीज देणं मात्र जीवघेणं आहे. वीज मीटरमधून बाहेर लाइनवर जाते आणि खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसतो.

पावसाळ्यात गन तोंड खाली करून टांगा. इनलेटमध्ये पाणी दिसलं तर कोरड्या सुती कापडाने टिपा आणि हवेवर वाळू द्या. प्रेशर वॉशरचा झोत इनलेटवर आणि खालच्या नारिंगी केबलवर मारू देऊ नका.

टायर इन्फ्लेटर घेताना गाडीच्या बारा व्होल्ट सॉकेटची मर्यादा वाचा. तिथे १२० वॉट लिहिलेलं असेल आणि इन्फ्लेटर १८० चा असेल तर फ्यूज उडणारच. वापरताना गाडी रेडीवर ठेवा. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर ती बाजू झाकणारं कव्हर घेऊ नका. मूळ मॅटवर दुसरी मॅट टाकू नका, ती सरकून ब्रेकखाली जाते.

एवढं करूनही सर्व्हिस सेंटरला जावं लागलं तर नुसतं "अपडेटनंतर गाडी बिघडली" सांगू नका. जुन्या आणि नव्या आवृत्तीचा क्रमांक, इशाऱ्याचा वेळेसह फोटो, तेव्हाचे मोठ्या बॅटरीचे टक्के, बारा व्होल्ट बॅटरीची लॉक असतानाची आणि रेडीमधली मापं, बाहेरून बसवलेल्या वस्तूंची यादी, हे सगळं कागदावर द्या आणि जॉब कार्डवर जसंच्या तसं लिहून घ्या.