मांजर बाजूला ठेवा, तीन फिल्म घ्या

क्वांटम भौतिकशास्त्र, म्हणजे अणू आणि प्रकाशाच्या कणांचं शास्त्र, वाचता वाचता ‘मग खरं आहे तरी काय?’ असा प्रश्न पडला, की माणूस थेट श्रोडिंगरच्या मांजरीकडे धावतो (पेटी उघडेपर्यंत जिवंत आणि मेलेली दोन्ही मानावी लागणारी, कल्पनेतली मांजर). १९३५ सालच्या त्या मांजरीने माझीही दोन वर्षं खाल्ली. त्यामुळे सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं, तर मी पोलरायझर फिल्मचे, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पार सोडणाऱ्या पातळ पट्टीचे, तीन तुकडे घ्यायला सांगतो. प्रयोगाचं साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतात.

एक तुकडा दिव्यासमोर धरा. (सूर्यासमोर नको, ही फिल्म डोळे वाचवत नाही.) उजेड मंदावेल. त्याच्यावर दुसरा ठेवून हळूहळू फिरवा. एका जागी काळोख होतो, म्हणजे दोन्ही एकमेकांशी ९० अंशांत आले. आता तिसरा तुकडा दोघांच्या मधे ४५ अंशांत तिरका सरकवायचा आहे. पण त्याआधी काय होईल ते कागदावर लिहा. न लिहिलेला अंदाज नंतर सोयीस्करपणे बदलतो, स्वानुभव आहे.

सरकवा. उजेड येतो! अडवणाऱ्या दोघांत तिसरा अडवणारा घातला आणि वाट मोकळी झाली. पहिल्यातून आलेल्या प्रकाशाचा अर्धा मधल्यातून जातो, त्याचा अर्धा शेवटच्यातून, म्हणजे फिल्म आदर्श असेल तर पाव हिस्सा. मी पहिल्यांदा तिसरा तुकडा मधे घालायच्या ऐवजी मागे लावला होता आणि बराच वेळ काळोखाकडे बघत बसलो होतो. मधेच घाला.

आता वहीत प्रश्न लिहा: फिल्मने प्रकाशात आधीच असलेला गुण निवडला, की त्याला नवा गुण दिला? चाळणी दाणे निवडते, त्यांना वळवत नाही. फिल्म नुसती चाळणी असती, तर काळोख काळोखच राहिला असता.

इथे बरेच जण ‘बघितल्याने वास्तव बदलतं’ म्हणून उडी मारतात. थांबा. प्रकाशाला लाट मानलं, तर हे सगळं जुन्या भौतिकशास्त्रात बसतं. मालूसचा नियम (कोनानुसार फिल्ममधून किती प्रकाश जातो ते सांगणारा) क्वांटमच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचा आहे. शिवाय ‘निरीक्षक’ शब्द आला, की तो खोडून ‘डिटेक्टर’ लिहा आणि वाक्य उभं राहतं का ते पाहा. मी वर्गात जाणिवेबद्दल रंगून बोलत असताना एका मुलीने विचारलं, “सर, खोलीत कुणीच नसेल आणि यंत्राने नोंद केली तर?” त्या दिवसापासून मी तो शब्द जपून वापरतो.

खरी अडचण प्रकाश इतका मंद केल्यावर येते, की फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकेक करून येतात. अर्धा फोटॉन पार जात नाही. ४५ अंशांवर तो पूर्ण जातो किंवा पूर्ण शोषला जातो, आणि सिद्धांत फक्त निम्मी शक्यता सांगतो. हाच का गेला, तो का नाही? त्याच्या पोटात काही दडलेलं असेल, नाही का? आइनस्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ मध्येच क्वांटम सिद्धांताचं वर्णन अपुरं असल्याचं म्हटलं होतं.

हा वाद मताचा राहिला नाही, तो १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलमुळे. त्याने दाखवलं, की जोडीतले दोन कण आपापली उत्तरं सोबत घेऊन निघत असतील, एकावरचं मापन दुसऱ्याच्या उत्तराला हात लावत नसेल आणि कुठल्या कोनात मोजायचं हे त्या दडलेल्या उत्तरांवर अवलंबून नसेल, तर उत्तरांच्या जुळणीला एक मर्यादा असते. क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि त्सायलिंगर यांच्या प्रयोगांत ती मर्यादा मोडलेली दिसली. २०२२ चं नोबेल त्यासाठीच.

म्हणजे काहीतरी सोडावंच लागतं. म्हणून वहीच्या पुढच्या पानावर, क्वांटमचा अर्थ लावणाऱ्या प्रत्येकासाठी एक ओळ धरून, दोन रकाने आखा: ‘काय राखलं’ आणि ‘त्याची किंमत’. बोम (१९५२): कणांना प्रत्येक क्षणी निश्चित जागा आहे, पण दूरच्या कणाचा परिणाम तत्काळ मानावा लागतो. एव्हरेट (१९५७): क्वांटमचं समीकरण जसंच्या तसं, पण सगळेच निकाल घडतात, वेगवेगळ्या शाखांत. फुकटची ओळ मला अजून सापडलेली नाही. वाचताना कुठल्याही लेखकाने किंमतीचा रकाना रिकामा ठेवलेला दिसला, तर तिथे पेन्सिलीने खूण करा.

माझ्या वहीत बोमच्या ओळीसमोर तीनदा ‘पटलं’ लिहिलेलं आहे, आणि तीनदा खोडलेलं.