थंडीत अंगणातल्या झाडांचं काय करायचं

परभणीकडं डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली जातो आणि दुपारी मात्र ऊन चटकतं, त्यामुळं झाडं गोंधळतात. पाणी सकाळी ऊन आल्यावरच द्या, रात्री नको. आपली काळी माती वरून सुकलेली दिसते पण खाली ओल धरून असते, म्हणून आधी बोट खुपसून बघा मगच पाणी, नाहीतर मुळं सडतात. तुळस लई नाजूक, रात्री जुनं लुगडं टाका, सकाळी काढा. शेवंतीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला की 1 लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, थोडा लिक्विड सोप टाकून संध्याकाळी फवारा. मोगऱ्याचं पाणी कमी करा, जानेवारी संपताना छाटा, मग शेणखत. मेथी-कोथिंबीर तर आत्ताच टाका.