दुर्बिणीआधी कोनमापक

आकाश बघायचं म्हणजे आधी दुर्बीण, असं डोक्यात असेल तर थोडं थांबा. पहिली दुर्बीण बहुतेक वेळा माळ्यावरच जाते. त्याऐवजी पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. मध्यबिंदूला दोरा बांधा, खाली एक नट लटकवा आणि सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा.

वैशाखात माळवदावर झोपायला जाताच, तेव्हा उत्तरेला सप्तर्षी वरच असतात. त्यांच्या चौकोनातल्या पुढच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर त्याच रेषेत पाचपट पुढे न्या, की ध्रुव सापडतो. फार तेजस्वी नसतो, फसू नका. नळीतून तो दिसला की दोरा बोटाने दाबून धरा. दोरा दाखवेल तो कोन ९० मधून वजा करा (९० च्या पुढे असेल तर त्यातून ९०). येईल ते तुमच्या गावाचं अक्षांश! लातूरला साधारण साडेअठरा, छत्रपती संभाजीनगरला २० च्या आसपास.

वाऱ्याने नट हलतोच, म्हणून पाच वेळा मोजून सरासरी काढा. एका अंशाची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर: लातूरकर थेट बीडच्या पुढे!