दोन कॉम्प्युटर, एकच मेलबॉक्स: या चुका टाळा

"अरे, घरी वाचलेला मेल प्रेसवर का दिसत नाही?"

हा प्रश्न आत्याच्या यजमानांचा. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. नारायण पेठेत त्यांचा लग्नपत्रिकांचा छोटा छापखाना आहे, राहायला कोथरूडला. दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर, मेलचा पत्ता मात्र एकच. यावर काकांनी स्वतःच तोडगा काढला होता: रोज स्कूटरच्या डिकीत पेन ड्राइव्ह. माझ्याकडे मागणी एवढीच, की "ही दोन मशीन एकमेकांना जोडून दे."

पहिली चूक ह्या मागणीतच आहे. दोन मशीन एकमेकांना जोडायची नसतात. मूळ प्रत सर्व्हरवर, म्हणजे मेल देणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, राहते आणि दोन्ही मशीननी तिथूनच बघायचं असतं. पेन ड्राइव्हवरून मेलचा फोल्डर इकडून तिकडे नेला, की नवा मजकूर जुन्याखाली गाडला जाण्याची वेळ आज ना उद्या येतेच. आउटलुक आणि थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्राम. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन ठिकाणी ठेवून दोन्हीकडून उघडणं हाही त्यातलाच प्रकार. प्रोग्राम चालू असताना ती फाइल सतत बदलत असते. ती अर्धवट अपलोड होते, एकाच्या दोन प्रती होतात आणि मग एके दिवशी उघडतच नाही.

पॉप की आयमॅप, हे न बघणं

काकांचा मेल गायब होण्याचं कारण इथे सापडलं. मेल सर्व्हरवरून मशीनवर आणण्याच्या या दोन पद्धती, आणि खातं पॉप पद्धतीने जोडलेलं होतं. पॉप म्हणजे पोस्टातून टपाल घरी आणणं. आणलं की पोस्टात काही उरेलच असं नाही. "सर्व्हरवर प्रत ठेवा" हा पर्याय काकांच्या मशीनवर चालू होता, त्यामुळे बरीच वर्षं निभावलं. पण त्याच्याच खाली आणखी एक खूण असते: १४ दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाका. बऱ्याच ठिकाणी ती आधीपासूनच लावलेली असते. चातुर्मासात पत्रिकांचं काम नाही म्हणून काका तीन आठवडे प्रेसवर फिरकले नाहीत. घरच्या मशीनने मेल उतरवून घेतले, मुदत संपल्यावर सर्व्हरवरून पुसले. प्रेसच्या मशीनला ते कधी दिसलेच नाहीत. त्यात मार्गशीर्षातल्या एका लग्नाचा सगळा मजकूर होता. सुदैवाने घरच्या मशीनवर तो सापडला.

आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो. वाचलेला, न वाचलेला, कोणत्या फोल्डरमध्ये टाकलेला, सगळं दोन्हीकडे सारखं दिसतं. ही पद्धत १९८६ पासूनची आहे, त्यामुळे "नवीन भानगड नको" ही सबब चालत नाही. खात्याच्या सेटिंगमध्ये "पोर्ट" या रकान्यात ९९५ दिसला तर पॉप, ९९३ दिसला तर आयमॅप.

पॉपवरून आयमॅपवर येताना जुनं खातं आधी उडवू नका. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुने मेल फक्त त्या मशीनच्या डिस्कवर असू शकतात, आणि खातं काढलं की त्यांचाही पत्ता लागत नाही. तेच खातं आयमॅपने दुसऱ्यांदा जोडा, जुन्या फोल्डरमधले मेल दोनतीनशेच्या गठ्ठ्याने नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, ब्राउझरमध्ये उघडून ते पोचल्याची खात्री करा आणि मगच जुनं काढा. त्याआधी जागा बघा: जीमेलची फुकटची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते.

आयमॅप झाल्यावर घरच्यांना एक सांगून ठेवा. आत्याने दुपारी घरी बसून "नको ते" मेल साफ केले आणि प्रेसवरचेही गेले. जीमेलच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतात म्हणून वाचलो.

मेल जुळला म्हणजे पत्तेही जुळले, असं समजणं

आयमॅप फक्त मेल वाहून नेतो. कॉन्टॅक्ट्सशी त्याचा काही संबंध नाही. आउटलुकमध्ये आयमॅप खात्याच्या कॉन्टॅक्ट्स फोल्डरपुढे "फक्त या कॉम्प्युटरवर" अशा अर्थाची सूचना असते, ती कोणी वाचत नाही. पत्त्यांसाठी वेगळी वाट लागते, तिचं नाव कार्डडॅव्ह. थंडरबर्डच्या पत्तेपुस्तकात कार्डडॅव्हचं नवं पुस्तक तयार करून गूगलचं खातं जोडता येतं. तेवढं करून थांबू नका. मेल पाठवल्यावर नवा पत्ता आपोआप साठतो, पण तो "कलेक्टेड ॲड्रेसेस" या स्थानिक पुस्तकात. सेटिंगमध्ये ते बदलून कार्डडॅव्हचं पुस्तक निवडा, नाहीतर नवीन गिऱ्हाईक एकाच मशीनवर अडकतं. जुन्या आउटलुकमध्ये कार्डडॅव्ह नसतं. तिथे खटपट करण्यापेक्षा पत्ते ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून बघणं मला बरं वाटतं.

जुनी यादी हलवताना एक्सेलमध्ये उघडून "जरा नीट करून घेऊ" हा मोह आवरा. काकांनी तो आवरला नाही. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) म्हणून सेव्ह करताच मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी आल्या. ०२० ने सुरू होणाऱ्या लँडलाइन नंबरांचं पहिलं शून्य गेलं. आणि ९१ लावलेले बारा आकडी मोबाइल नंबर ९.१९ई+११ असे दिसू लागले. फाइल तशीच सेव्ह झाली की उरलेले आकडे परत येत नाहीत. एक्सेल वापरायचंच असेल तर नंबरांचे रकाने आधी "टेक्स्ट" करून आयात करा आणि सेव्ह करताना मराठी अक्षरं टिकवणारा यूटीएफ-८ सीएसव्ही हा प्रकार निवडा. त्याहून सोपं म्हणजे व्हीकार्ड, म्हणजे पत्त्यांसाठीच असलेली व्हीसीएफ फाइल. एक्सेलच्या वाटेला जायलाच नको.

आयात झाली नाही असं वाटून तीच फाइल दुसऱ्यांदा घातली, तर प्रत्येक जोशी दोनदा येतात. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये ३० दिवसांपर्यंतचे बदल मागे घेता येतात, ते आधी करा. एकेक डुप्लिकेट पुसत बसू नका.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन नाही

जीमेल आता बाहेरच्या प्रोग्रामकडून नेहमीचा पासवर्ड घेत नाही. नव्या प्रोग्राममध्ये गूगलची स्वतःची लॉगिनची खिडकी उघडते. फार जुना प्रोग्राम असेल तर गूगल खात्यात टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. आणि सर्टिफिकेटची, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राची, तक्रार येत असेल तर आधी घड्याळ बघा. प्रेसच्या मशीनचा सीमॉस सेल (मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा) संपला होता आणि तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती.

सगळं झाल्यावर तपासायचं असं: घरी एक मसुदा अर्धवट लिहून सोडा आणि एका गिऱ्हाइकाच्या नावात खुणेचं अक्षर घाला. प्रेसवर दोन्ही दिसले तर पेन ड्राइव्ह डिकीतून काढा. काकांनी काढला, आता त्यावर जुनी नाट्यगीतं आहेत.