मोत्यांचं पाणी टिकवायचं असेल तर

आजीचा तन्मणी बऱ्याच वर्षांनी डब्यातून काढला, तेव्हा मानेमागच्या गोंड्याजवळचा रेशमी दोरा घामाने तपकिरी पडला होता. त्याला लागून असलेल्या चार-पाच मोत्यांवर पिवळी झाक आली होती. पुढचे मोती मात्र तसेच पाणीदार. एकाच सरातला हा फरक पाहिला आणि मोत्यांचं कशाने बिघडतं ते कळलं.

मोती हा खडा नव्हे. शिंपल्यातल्या जिवाने थरावर थर चढवून तो घडवलेला असतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, थोडं प्रथिन आणि थोडं पाणी असतं. म्हणून घाम, लिंबू, व्हिनेगर असं काहीही आंबट लागलं की वरच्या थराची चमक मंदावते. कठीणता १ ते १० मध्ये मोजणाऱ्या मोहस मापावर तो २.५ ते ४.५ एवढाच, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या हिऱ्याच्या कुडीनेही त्यावर ओरखडा उठतो.

घालताना क्रम पाळा. मेकअप, केसांचा स्प्रे, अत्तर सगळं आधी. ते वाळू द्या, मग साडीच्या पिना लावून झाल्यावर शेवटी मोती. उतरवताना सगळ्यात आधी मोती. नथीकडे विशेष लक्ष द्या, कारण लग्नात घाम आणि फाउंडेशन दोन्ही तिच्यावरच येतं. हळदीच्या कार्यक्रमात तर खऱ्या मोत्यांची नथ घालूच नये. हळदीचा डाग सहजी निघत नाही.

उतरवल्यावर लगेच, अगदी दमला असलात तरी, जुन्या मलमलच्या किंचित ओलसर फडक्याने एकेक मोती पुसा. एवढी एक सवय लागली तरी निम्मं काम झालं.

जास्त मळले असतील तर वाटीभर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाका, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि मोती पुसा. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसा. सर पाण्यात बुडवू नका, ओला दोरा ताणतो आणि भोकात मळ धरतो. पुसलेला सर टॉवेलवर आडवा पसरून रात्रभर वाळू द्या. टांगू नका. टूथपेस्ट, खायचा सोडा, अमोनिया असलेलं द्रावण आणि सराफाकडचं अल्ट्रासोनिक मशीन, यातलं काहीही मोत्यांना नको. सोन्याला चालतं ते मोत्याला चालतंच असं नाही.

ठेवताना सुती किंवा मऊ रेशमी कापडात, पाटल्या-बांगड्यांपासून वेगळे आणि आडवे ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत नकोत. कोकणातल्या पावसाळ्यात दोऱ्याला बुरशी धरते, तेव्हा अधूनमधून उघडून पाहा. लॉकरमधले मोतीही वर्षातून एकदोनदा बाहेर काढून घाला.

दोऱ्याची परीक्षा सोपी आहे. सर दोन्ही हातांत अलगद धरा. दोन मोत्यांमध्ये दोरा दिसू लागला असेल, तर गाठवायला द्यायची वेळ झाली. नेहमी वापरत असाल तर वर्षा-दोन वर्षांनी पटवेकऱ्याकडून, म्हणजे दागिने ओवणाऱ्या कारागिराकडून, गाठवून घ्या. एकपदरी माळ असेल तर प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारायला सांगा, म्हणजे दोरा तुटलाच तरी सगळे मोती घरभर सांडत नाहीत. देण्याआधी मोती मोजा आणि फोटो काढून ठेवा. नथ असेल तर तार हलतेय का, एखादी कडी उघडली आहे का, हेही तेव्हाच दाखवा.