फील्ड्स मेडलसाठी कुणाचं नाव सुचवायचं असेल तर

दर चार वर्षांनी फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला मोठ्या मानाचा पुरस्कार, जाहीर झालं की कुणीतरी विचारतंच, आमच्या सरांसाठी अप्लाय कुठे करायचं? तर अप्लाय वगैरे प्रकारच नाही, नाव दुसऱ्याने सुचवायचं असतं.

आधी हे मेडल देतं कोण ते बघा. इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल युनियन, ऑफिस बर्लिनला. तिची मेंबरशिप माणसांना नाही, देशांना मिळते, त्यामुळे फी भरून मेंबर व्हायचा विचार सोडा. देशांचे पाच गट आहेत, पहिल्या गटाला 1 मत, पाचव्याला 5. चार वर्षांनी एकदा जनरल असेंब्ली भरते, तिथे प्रेसिडेंट आणि एक्झिक्युटिव्ह कमिटी निवडतात, पुढची काँग्रेस (म्हणजे जगभरच्या गणितज्ञांचं संमेलन) कुठे ते ठरतं, आणि मग लगेच ती मोठी काँग्रेस, जी 2010 ला हैदराबादला झाली होती (मेडल तेव्हा आपल्या प्रतिभाताई पाटलांनी दिली). पण मेडल कुणाला यावर देश मत देत नाहीत हं. त्यासाठी एक्झिक्युटिव्ह कमिटी वेगळी कमिटी नेमते, त्यातल्या फक्त अध्यक्षाचं नाव बाहेर येतं, बाकीची काँग्रेसपर्यंत गुप्त, म्हणजे वशिला लावायचा तरी कुणाकडे!

नाव पाठवण्याआधी जन्मतारीख बघा, निम्मी नावं तिथेच गळतात. काँग्रेसच्या वर्षी 1 जानेवारीच्या आधी चाळीस पूर्ण झालेले नकोत, म्हणजे 2030 साठी जन्म 1 जानेवारी 1990 किंवा नंतरचा हवा. यात सूट नाही म्हणजे नाही. गणितज्ञ अँड्र्यू वाइल्सचे एप्रिल 1993 मध्ये चाळीस झाले, शतकानुशतकं न सुटलेल्या फर्माच्या प्रमेयाची सिद्धता त्याने जूनमध्ये सांगितली, त्यातली चूक 1994 मध्ये दुरुस्त झाली, शेवटी 1998 ला बर्लिनमध्ये एक चांदीची पाटी दिली, मेडल नाहीच. मला हा नियम जरा निर्दयी वाटतो पण ज्यांच्या नावाचं हे मेडल आहे त्या फील्ड्स साहेबांना झालेल्या कामाच्या कौतुकाबरोबर पुढच्या कामाला प्रोत्साहनही द्यायचं होतं, त्यातून तो आलाय.

वय उलटलं असेल तर युनियनचंच चर्न मेडल बघा, ते आयुष्यभराच्या कामासाठी. गणित लोकांपर्यंत नेणाऱ्यांसाठी लीलावती, गणिताबाहेर उपयोगी पडलेल्या कामासाठी गाउस प्राइझ. काम कम्प्युटरच्या अंगाने जाणारं असेल तर अबॅकस मेडल, पण त्यालाही चाळिशीची अट आहे. इचलकरंजीच्या सुभाष खोतांना 2014 ला सोलमध्ये मिळालं ते हेच, तेव्हा नाव नेवानलिना प्राइझ होतं.

पत्रात सगळ्या पेपरांची जंत्री नको. कुठला प्रश्न अडला होता, यांनी नेमकं काय केलं, त्यानंतर इतरांना काय करता आलं, एवढं नीट लिहा. आणि ज्यांचं नाव देताय त्यांना अजिबात सांगू नका, स्टेटसला तर नकोच. विचारून देत नसल्यामुळे कधीकधी पंचाईत होते, 2006 ला युनियनचे तेव्हाचे प्रेसिडेंट जॉन बॉल स्वतः सेंट पीटर्सबर्गला जाऊन मेडल मिळालेल्या रशियन गणितज्ञ पेरेलमानला ते घ्यायला मनवत बसले, तो नाहीच म्हणाला.

नावं साधारण दीड वर्ष आधी बंद होतात, 2026 च्या फिलाडेल्फियाच्या काँग्रेसची कधीच झाली. 2030 साठी 2028 पासून युनियनची वेबसाइट बघत राहा, कमिटीच्या अध्यक्षाचं नाव आलं की तिथल्या पद्धतीने पाठवून द्या.