सामुराईंचा चहा शिकायचाय? मग फुकुसा उजवीकडे लावा

जपानला जॉबसाठी आले त्याला तीन वर्षं झाली, त्यातली दोन वर्षं दर शनिवारी चहा, म्हणजे जपानी पद्धतीने समारंभाने चहा करायला आणि द्यायला, शिकतेय. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. आपल्या गाण्यासारखीच इथे चहाची घराणी आहेत. उरासेन्के खूप मोठं, पण मी जाते ते एन्शू घराण्यात, म्हणजे बुके सादो, दाइम्यो (मोठे जहागीरदार सरदार) आणि सामुराईंची पद्धत.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. व्हिडिओ बघून फुकुसा (चहाची डबी, चमचा पुसायचा रेशमी रुमाल) कमरेला डावीकडे खोचून गेले. सेन्सेईंनी (शिक्षकांनी) काही न बोलता तो काढून उजवीकडे लावला आणि मग सांगितलं की डावीकडे तलवार असायची, तिथे रुमाल कसा खोचणार? आता गंमत बघा, तलवार चहाच्या खोलीत न्यायचीच नाही, बाहेर टांगून ठेवायची, तरी ती बाजू आजपर्यंत रिकामी ठेवलीये. मला तर काटाच आला अंगावर.

म्हणून सांगते, हालचाली नुसत्या पाठ करू नका, कारण विचारा. चहाचे थोर गुरू रिक्यू (1522–1591), त्यांच्या चहाच्या खोलीचं दार एवढं बुटकं की कितीही मोठा सरदार असो, गुडघ्यांवर सरकतच आत यायचा. त्यांचे शिष्य ओरिबे स्वतः दाइम्यो, त्यांनी खोलीत बरोबरच्या सेवकांना बसायला वेगळी जागा काढली, म्हणजे मानपान परत आत आला. ओरिबेंना 1615 मध्ये सेप्पुकूचा (पोट चिरून आत्महत्या करण्याचा) हुकूम झाला. त्यांचे शिष्य कोबोरी एन्शू, शोगुनचे (जपानच्या लष्करी राज्यकर्त्याचे) बांधकाम अधिकारी, बागा आखणारे, आणि तिसरे शोगुन इएमित्सूंचे चहाचे गुरू. त्यांचा चहा साधा असला तरी देखणा, त्याला किरेई-साबी म्हणतात.

बाकी तयारी फार नाही. रोज दहा मिनिटं वज्रासनात बसा, कारण मांडीची सवय असली तरी सेइझात (वज्रासनासारखी जपानी बैठक) पाय मुंग्यांनी बधिर होतातच. अंगठी, घड्याळ काढून जा, वाडग्याला चरा पडला तर भरून येत नाही. पांढरे मोजे न्या. भांडी लगेच विकत घेऊ नका, वर्षभर क्लासचीच वापरा. आणि मिठाई आधी संपवायची, चहासोबत नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं!

जमलं तर मात्सुए शहराला जाऊन या. तिथले दाइम्यो मात्सुदाइरा फुमाई सेकिशू घराण्यात शिकलेले, त्यांचं 1779 चं मेइमेइआन चहाघर अजून उभं आहे, वर गवताचं छप्पर. मी गेले तेव्हा पाऊस होता, छपराच्या कडेवरून पाणी एकेक थेंब गळत होतं, आणि मी वाकाकुसा मिठाई खाऊन वाडगा दोन्ही हातांत धरून बराच वेळ तशीच बसले.